कंसातलं मीठ

मॅनेजरनी मूठभर पेंड माझ्यापुढं धरली आणि म्हणाले, "चाखून बघा मॅडम."

इंजिनिअर झाल्यापासून गुरांचं खाद्य चाखायची वेळ माझ्यावर पहिल्यांदाच आली होती. मी एक गोळी उचलून जिभेवर ठेवली आणि तोंड धुवायला नळ कुठं आहे ते विचारलं. पेंड खारट होती. थोडीथोडकी नाही, तोंड वाकडं व्हावं इतकी.

"म्हशी तरी काय करतील मग?" मॅनेजर म्हणाले.

म्हशी तोंड फिरवत होत्या. ज्या खात होत्या त्या दिवसभर पाणी ढोसत होत्या आणि संध्याकाळी दूध कमी देत होत्या. उंब्रजजवळच्या त्या पशुखाद्य कारखान्याच्या फाटकात लोक पोती परत घेऊन येत होते. सगळी पोती खारट नव्हती. काही अगदी नीट, काही दुप्पट खारट. पेंडीत मीठ मोजून टाकायचं मशीन आमच्या कंपनीचं होतं, म्हणून कुपवाडहून मला एसटीत बसवून तिथं पाठवलं होतं.

नव्वदच्या दशकाचा तो मधला काळ. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये आमची कंपनी होती. आम्ही कारखान्यांना लागणारी इलेक्ट्रॉनिक पॅनेलं बनवायचो. आतला प्रोग्रॅम सी भाषेत लिहायचा, एका चिपमध्ये भरायचा, चिप पॅनेलमध्ये बसवायची आणि गिऱ्हाइकाकडं रवाना करायची. आमचे मालक आधी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे, म्हणून त्यांना सगळे सरच म्हणत. हुशार माणूस. मी त्यांच्याकडून पुष्कळ शिकले. काही गोष्टी त्यांना शिकवायच्या नव्हत्या, त्याही शिकले.

मशीन साधं होतं. मिक्सरच्या वर, पत्र्याच्या आवरणात, एक बादली. ऑपरेटरनं खाली पॅनेलवरचं बटण दाबलं की बादली एका ठरलेल्या खुणेपर्यंत मिठानं भरायची. तिचं वजन व्हायचं आणि ती मिक्सरमध्ये उलटायची. एका घाण्याला एक बादली, म्हणजे पाच किलो. मग पॅनेलमधून एक छापील चिठ्ठी बाहेर यायची, तिच्यावर मिठाचं वजन.

मॅनेजरनी त्या चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या. कुठल्याच चिठ्ठीवर पाचपेक्षा जास्त आकडा नव्हता. गेल्या काही दिवसांच्या चिठ्ठ्यांवर तर पाचाला थोडं कमीच होतं.

"मशीन मीठ कमी टाकतंय आणि पेंड खारट होतीय," मॅनेजर म्हणाले. "गोडाऊनातलं मीठ पण लवकर संपतंय. म्हणजे वरनं कोणतरी हातानं ढकलतंय. बरोबर का न्हाई?"

कोणतरी म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती. तो पॅनेलपाशी हाताची घडी घालून उभा होता. जालिंदर. फौजेत नोकरी करून आलेला, चाळिशी ओलांडलेला, तोंडाचा फटकळ माणूस. मॅनेजरला सगळ्यांसमोर उलट उत्तर द्यायचा, त्यामुळं त्याच्या बाजूनं बोलणारं तिथं कुणी नव्हतं. बरेच दिवस तो हंगामी होता. येत्या बैठकीत संचालक त्याला कायम करणार होते, निदान तसं ठरत आलं होतं. आता कायम करायचं की घालवायचं, असा विषय झाला होता.

संशयाला जागा होती ती त्यांच्याच एका पद्धतीमुळं. मिक्सरला बाजूनं एक झाकण होतं. शिफ्ट संपताना खाली सांडलेला भुसा, पेंड, मीठ, सगळं झाडून त्या झाकणातून परत आत टाकायचं. काही वाया जाऊ द्यायचं नाही, हा मॅनेजरचाच हुकूम. पण झाकण उघडायचा तो ऑपरेटर, म्हणून खापर ऑपरेटरवर फुटलं.

"आवं मॅडम, झाडून झाडून मीठ ते किती निघंल?" जालिंदर म्हणाला. "माझी सवताची म्हस बी हीच पेंड खाती. तिनं बी तोंड फिरवलंय. मी कशाला वतीन जादा मीठ?"

"तुझं ध्यान नसतं," मॅनेजर म्हणाले.

"बटण एकदाच दाबतो मी. येकदाच."

मी माझी पेटी उघडली. माझ्याकडं एक टेस्टिंगची चिप होती. प्रोग्रॅम तोच, फक्त आत काय चाललंय ते पॅनेलच्या डिस्प्लेवर दाखवणारा. मूळ चिप काढून मी ती बसवली आणि लागोपाठ घाणे घेतले. मिक्सरचा असा गडगडाट की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नव्हतं. डिस्प्लेवर प्रत्येक घाण्याला एक बादली दिसत होती. आलेली पेंड मी परत चाखली. चांगली होती, म्हणजे म्हशीच्या हिशेबानं चांगली.

मॅनेजर खूश झाले. जालिंदर तंबाखू मळत बाहेर जाऊन उभा राहिला. मॅडमच्या तपासणीचा त्याला काही उपयोग झाला नव्हता.

मी मूळ चिप परत बसवली. तशीच एक चिप कुपवाडला आमच्याकडं होतीच. निघताना गोडाऊनातलं थोडं मीठ पिशवीत भरून घेतलं. पावसाळी हवेनं ते ओलसर होतं, मुठीत दाबलं की गोळा व्हायचं. स्टँडवरच्या एसटीडी बूथमधून सरांना फोन केला. टेस्टिंगच्या चिपवर दोष दिसला नाही, पण मूळ चिपवर अजून तपासायचंय, उद्या टेबलावर बघते, असं सांगितलं. सर बरं म्हणाले.

कराडपर्यंत मला काही वाटलं नाही. पुढं मात्र मन खायला लागलं. मी तिथलं मशीन तपासलं नव्हतं. मी माझ्या पेटीतली चिप त्या मशीनमध्ये घालून माझी चिप तपासली होती. जी चिप खारट पेंड काढत होती तिला मी हातात घेतलं, बाजूला ठेवलं आणि परत जागेवर बसवलं. डॉक्टरनं आजाऱ्याच्या भावाला तपासून आजाऱ्याला तब्येत ठणठणीत आहे असं सांगावं, त्यातला तो प्रकार होता.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आमच्या नमुना मशीनवर मी उंब्रजला असते तशीच चिप बसवली. मशीनमध्ये आधी आमच्याकडचं कोरडं मीठ घातलं. बटण दाबलं. बादली भरली, उलटली, थांबली. मग पिशवीतलं ओलं मीठ घातलं. बटण दाबलं. बादली भरली, उलटली, परत भरली आणि परत उलटली. चिठ्ठी बाहेर आली, तिच्यावर एकाच बादलीचं वजन होतं, पाचाला थोडं कमी.

इथं मिक्सरचा गडगडाट नव्हता, आणि बादलीवर पत्राही नव्हता. सगळं डोळ्यांसमोर घडलं. टेस्टिंगची चिप घालून तेच ओलं मीठ वापरलं, तर बादली एकदाच उलटली. मूळ चिप घातली की दोनदा. मी खुर्ची ओढून कोड वाचायला बसले.

आता थोडं सी भाषेबद्दल सांगावं लागेल. घाबरायचं कारण नाही.

आपण लिहिलेला प्रोग्रॅम कंपायलर यंत्राच्या भाषेत नेतो. पण कंपायलरच्या आधी त्यावरून आणखी एकाचा हात फिरतो, त्याला प्रीप्रोसेसर म्हणतात. याला सी भाषा कळत नाही. बेरीज कळत नाही, मीठ कळत नाही. याला फक्त शब्दाच्या जागी शब्द घालता येतात. तुम्ही सुरुवातीला त्याला सांगून ठेवायचं की अमुक शब्द आला की त्याच्या जागी हा अख्खा मजकूर लिही. याला मॅक्रो म्हणतात. तो डोळे झाकून तसं करतो.

सरांनी असा एक मॅक्रो लिहिला होता, 'मिन'. कंसात दोन गोष्टी द्यायच्या, त्यातली लहान मिळते. त्याचा विस्तार असा: पहिली गोष्ट दुसरीपेक्षा लहान असेल तर पहिली गोष्ट, नाही तर दुसरी. यात पहिली गोष्ट दोनदा लिहिलेली आहे, हे लक्षात ठेवा.

कंसात साधा आकडा दिला तर काही बिघडत नाही. आकडा दोनदा वाचला म्हणून तो बदलत नाही. पण आमच्या प्रोग्रॅममध्ये कंसात पहिल्या जागी आकडा नव्हता, काम होतं: बादली भर, उलट आणि वजन सांग. दुसऱ्या जागी पाच किलो. प्रीप्रोसेसरनं शब्दाच्या जागी शब्द घातले आणि तयार झालं ते असं: बादली उलटून आलेलं वजन पाचपेक्षा कमी असेल, तर बादली उलटून आलेलं वजन घे, नाही तर पाच घे.

माणूस हे वाचेल तर समजेल की बादली एकच आहे. यंत्र तसं समजत नाही. घरात कुणाला सांगावं की आमटीत चमचाभर मीठ घालून चव सांग, आणि अळणी म्हणाल्यावर परत तेच वाक्य म्हणावं, तर आमटीत दोन चमचे पडणारच. कोरड्या मिठानं बादली पाचाच्या किंचित वर भरायची, तेव्हा प्रकरण पहिल्या बादलीवर मिटायचं. ओलं मीठ धरून राहतं, पोकळ बसतं, बादली पाचाच्या आत भरते. मग दुसरी बादली. उन्हाळाभर मशीन शहाण्यासारखं वागलं ते यामुळं.

आणि टेस्टिंगची चिप? प्रीप्रोसेसरला आणखी एक आज्ञा देता येते: अमुक खूण केली असेल तर या ओळी ठेव, नसेल तर कंपायलरला दाखवूच नको. टेस्टिंगसाठी ती खूण असायची. त्या ओळींमध्ये वजन आधी एका नावाखाली साठवून डिस्प्लेवर दाखवलं जायचं आणि मग तो साठवलेला आकडा 'मिन'च्या कंसात जायचा. आकडा दोनदा वाचला तरी मीठ एकदाच पडणार. म्हणजे आम्ही टेबलावर जो प्रोग्रॅम तपासत होतो, तो गिऱ्हाइकाकडं कधी जातच नव्हता. आमच्या कंपनीत ही रीत होती आणि तिचा सगळ्यांना अभिमान होता.

'मिन' सरांच्या फाइलमध्ये होता. ही फाइल कंपनीतल्या प्रत्येक प्रोग्रॅमला जोडलेली असायची आणि तिला हात लावायची कुणाची छाती नव्हती. मॅक्रोचं नाव मोठ्या अक्षरांत लिहावं, म्हणजे वापरणारा जपून राहतो, असा सगळीकडं रिवाज आहे. सरांना तो आवडायचा नाही, त्यामुळं 'मिन' छोट्या अक्षरांत होता.

तो 'मिन' तिथं घातला कशाला, हे ऐका. कोरड्या मिठात चिठ्ठीवर पाचाच्या पुढं एखादा कण जास्त यायचा आणि गिऱ्हाईक कटकट करायचं. म्हणून सरांनी चिठ्ठीवर पाचाच्या वर आकडा दिसूच नये, अशी सोय केली. चिमूटभर जास्त मीठ लपवायला गेले आणि बादलीभर जास्त मीठ पाडून बसले. वर चिठ्ठी मात्र साजूक.

मी सरांना बोलावलं. मशीन चालवून दाखवलं. त्यांनी एकदा बादलीकडं बघितलं, एकदा स्क्रीनकडं, आणि क्षणात ओळखलं. वाद घातला नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. खुर्चीत बसून त्यांनी चहा गार व्हायच्या आत कोड दुरुस्त केला.

"सगळ्या गिऱ्हाइकांना नवी चिप पाठवू," ते म्हणाले. "अपग्रेड म्हणून."

मी विचारलं, उंब्रजला काय कळवायचं? ते म्हणाले, तिकडं कळवून झालंय. काल माझा फोन आल्यावर त्यांनी फॅक्स केला होता. आमच्या इंजिनिअरनं प्रत्यक्ष येऊन मशीन तपासलं, मशीनमध्ये कोणताही दोष नाही. खाली माझं नाव घातलं होतं. मी फोनवर बोललेल्या वाक्याचा पहिला अर्धा भाग तेवढा त्यांनी घेतला होता.

माझे कान तापले. मी म्हटलं, दुसरा फॅक्स करा, दोष सापडला म्हणून.

"अगं मंजिरी, दोष आता राहिलाय कुठं? आपण काढला ना?"

"सर, तिथला ऑपरेटर नोकरीवरून जाईल."

"तो त्यांचा अंतर्गत प्रश्न आहे. आपण कुणाला काढा म्हणून लिहिलंय का?"

लिहिलं नव्हतं, हे खरंच होतं. फॅक्समध्ये जालिंदरचं नावही नव्हतं. मग सरांनी मला समजावलं की शेडमधल्या सगळ्यांचं पोट या मशिनांवर आहे, आणि एकदा नाव खराब झालं की कुणी दारात उभं करणार नाही. आवाज चढवला नाही. कॉलेजात शिकवताना बोलत असतील तसेच बोलले. मला त्यांचा इतका संताप आला की मी उठून बाहेर गेले.

नवी चिप पोस्टानं जाणार होती. मी रजा टाकली आणि ती स्वतः घेऊन उंब्रजला गेले. मॅनेजरना म्हटलं, मिक्सर बंद ठेवा आणि माझ्याबरोबर वर चढा. बादलीवरचा पत्रा उघडला. जुनीच चिप, त्यांचंच ओलं मीठ. खालून एका कामगारानं बटण दाबलं. बादली उलटली. मॅनेजर माझ्याकडं बघायला लागले तोवर ती परत भरली आणि परत उलटली.

त्यांनी स्वतःच बादलीवर पत्रा परत लावला. मग हळू आवाजात म्हणाले, "हे आणि कुणाला दाखवलंय का?"

तेव्हाच मी ओळखलं.

बैठक आदल्या दिवशीच झाली होती. फॅक्स वाचून दाखवला होता. जालिंदरला घालवलं होतं. मी म्हटलं, मग आता परत बोलवा. त्यावर ते खाली उतरले, पंख्याखाली बसले आणि खरं बोलले. हे मशीन घ्या म्हणून संचालकांच्या मागं तेच लागले होते. मशीन चुकलं म्हटलं तर पहिला प्रश्न त्यांनाच येणार. आणि जालिंदर असाही डोक्यावर बसत होता.

"चिप तेवढी बदलून जावा," ते म्हणाले. "पेंड नीट झाली म्हंजे झालं."

मी चिप बदलली. तीही म्हशींसाठी.

जालिंदरचं घर विचारत विचारत गेले. तो दारात म्हशीपुढं वैरण टाकत होता. मला बघून त्यानं बाज पुढं ओढली. त्याच्या बायकोनं चहा आणून दिला आणि उंबऱ्यात उभी राहिली. मी जमेल तसं सगळं सांगितलं. बादली, ओलं मीठ, दोनदा लिहिलेली गोष्ट. त्यानं मधे तोंड घातलं नाही. फौजेत शिकला असेल.

"म्हंजी मशीनच चुकलं म्हना की," तो म्हणाला.

"मशीन नाही. लिहिणारा चुकला."

"तुमी लिवलं व्हतं?"

"नाही. आमच्या साहेबांनी."

त्यानं हातातली वैरण खाली ठेवली. "मग साहेबाची नोकरी गेली का?"

मी नाही म्हटलं. त्यानं वैरण परत उचलली. त्याची बायको आत निघून गेली. मला तिथं बसवेना.

उठण्याआधी मी साध्या कागदावर सगळं लिहून खाली सही करून दिलं. दोष प्रोग्रॅमचा आहे, ऑपरेटरचा नाही. तो कागद घेऊन तो कारखान्यात गेला. तिथं त्याला सांगितलं की कंपनीच्या लेटरहेडवर आणा. लेटरहेड सरांच्या कपाटात होतं आणि कपाटाला कुलूप होतं. पुढं तो लोणंदला एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागला, असं मला उंब्रजच्याच एका कामगारानं सांगितलं. मॅनेजर तिथंच राहिले. आमच्या मशीनच्या नव्या माहितीपत्रकात 'सुधारित आवृत्ती' असं ठळक छापलं गेलं आणि मागणी वाढली. मी ती नोकरी सोडली. माझ्या जाण्यानं कुणाचं काही अडलं नाही.

मॅक्रोच्या कंसात काम करणारी गोष्ट देऊ नका. आधी काम करून घ्या, आलेला आकडा साठवा, मग तो द्या. आणि जी चिप गिऱ्हाइकाकडं जाणार आहे तीच तपासा. नव्यानं कामाला लागलेल्या मुलामुलींना मी ही गोष्ट आजही सांगते. त्यांना ती आवडते, बादलीपाशी हसतातही. मग प्रश्न विचारतात. त्या कंपायलरला हे कळलं कसं नाही, 'मिन' फंक्शन करून का लिहिला नाही, कोणती चिप होती.

जालिंदरचं पुढं काय झालं, हे अजून एकानंही विचारलेलं नाही.